उन्हाळी सुटीत आपल्या मुलांच्या ताटात काय?

१ मे रोजी सकाळी शाळेत झेंडावंदन होते, मुलांच्या हाती निकालपत्रक पडते, गुरुजी "आता जूनमध्ये या" म्हणतात आणि मुले उड्या मारीत घरी येतात. त्याच दिवसापासून शाळेतली खिचडीची चूल विझते, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती. मी एका कचेरीत कारकून आहे. महिना संपायच्या आत पगार संपतो. तरीपण माझ्या दोन्ही मुलांना मे महिन्याच्या दुपारी पोळी-भाजी मिळते. ज्याच्या घरात ताट भरलेले असते त्याला दुसऱ्याचे रिकामे ताट दिसायला वेळ लागतो, हे मी प्रथमच कबूल करून टाकतो.

ध्यानात आले ते २०२४ साली, एका शासन आदेशामुळे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्यात आपल्या जिल्ह्यातले छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव हे दोन तालुके होते. दुष्काळी तालुक्यांतील शाळांनी उन्हाळी सुटीतही मुलांना पोषण आहार द्यावा असे ठरले. पेपरात बातमी वाचून बरे वाटले. आमच्या मंडळातल्या एका मित्राने विचारले, "आदेश निघाला खरा, पण खिचडी शिजते का?" कारकुनाला हा प्रश्न बरोबर समजतो. कागद निघणे आणि काम होणे यात किती मेजे असतात ते आम्हालाच ठाऊक!

११ मे २०२४ हा दुसरा शनिवार होता. मला सुटी होती. आम्ही तिघे मोटारसायकलींवर तालुक्यातल्या एका गावी गेलो. गावाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर उद्या तिथल्या गुरुजींना नोटीस जाईल आणि दोष त्यांचा एकट्याचा नाही.

साडेदहाला शाळेत पोहोचलो. व्हरांड्यात अकरा मुले बसली होती. खिचडी शिजलेली होती, चांगली होती, आम्हीही चाखली. पटावर मुले सत्तरच्या घरात. मग बाकीची कुठे गेली? दोन दिवसांनी, १३ मेला लोकसभेचे मतदान होते. शिक्षक निवडणुकीच्या कामाला लावलेले. एकच गुरुजी हजर होते आणि तेही घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी सांगितले, "गावठाणातली येतात. घरकुलाच्या वस्तीवरून एक पण येत नाही. मी निरोप धाडला होता."

घरकुलाची वस्ती शाळेपासून दोन किलोमीटर. आम्ही तिकडे निघालो. रस्त्याला झाड म्हणावे असे एक बाभळीचे, दुसरे कडुनिंबाचे. बाकी सगळी उघडी नांगरट. मोटारसायकलीवर असूनही कानाला झळा लागत होत्या. या रस्त्याने सात वर्षांच्या पोराने अनवाणी जायचे, खिचडी खायची आणि भर बारा वाजता परत यायचे, अशी त्या आदेशातली कल्पना होती.

आता ही घरकुले गावापासून इतकी लांब का, याचे उत्तर वाचकांना माहीत आहे. जिथे जागा स्वस्त किंवा कोणाला नको असलेली, तिथे आपली वस्ती. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली ती अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून मुक्त झालेल्या कुटुंबांसाठीच. पुढे आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आली. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे. तिच्यात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, त्यातच स्वयंपाकाची जागा. घर मिळाले ही थोडी गोष्ट नाही. माझ्या आजीचे आयुष्य कुडाच्या भिंतीत गेले. पण स्वयंपाकाच्या जागेत दुपारी स्वयंपाक करायला कोणी असावे लागते. आई सकाळी सहाला भाकरी बडवून कामाला जाते, कुणाची वीटभट्टीवर, कुणाची वाळूजच्या कारखान्यात झाडलोटीला, कुणाची दुसऱ्याच्या शेतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे एप्रिलात परत येतात ती उचल फेडून, मोकळ्या हातांनी. घरावर पत्रे. मेच्या दुपारी आत बसवत नाही.

वस्तीत शिरलो तर पहिलीच भेट झाली एका चौथीतल्या मुलीशी. ती अंगणवाडीच्या दाराबाहेर सावलीला बसली होती. आत तिचा पाच वर्षांचा भाऊ जेवत होता. अंगणवाडीचा आहार वर्षातून ३०० दिवस असतो, शाळेसारखी दीड महिन्याची सुटी त्याला नाही. भाऊ सहा वर्षांखालचा म्हणून आत. बहीण मोठी म्हणून बाहेर. मी विचारले, "तू जेवलीस का?" म्हणाली, "सकाळी चहा-भाकर खाल्ली. आता हा आला की घरी जाऊ." थोड्या वेळाने भाऊ आला. त्याच्या मुठीत चिमूटभर उसळ होती. बहिणीसाठी आणलेली. बाई बघून न बघितल्यासारखे करीत होत्या. रोजचेच असावे.

त्या मुठीने मला कामाला लावले.

घरी येऊन मी नियम शोधू लागलो. वाचकांनीही ते माहीत करून घ्यावेत, कारण ग्रामसभेत उभे राहिल्यावर कोणी "हा काय प्रकार?" म्हटले तर उत्तर तयार पाहिजे.

शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी शिजवलेले अन्न नव्हते. महिन्यातून ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे ३ किलो तांदूळ घरी न्यायचे. माझी धाकटी बहीण ते तांदूळ ओढणीत बांधून आणायची आणि "माझ्या हजेरीचा भात" म्हणून आम्हाला ऐकवायची. २००१ साली देशात सरकारी कोठारे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी होती, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितले की कोरडे धान्य नको, शाळेतच शिजवलेले अन्न द्या. वर्षातून किमान २०० दिवस. आज मुले खिचडी खातात ती त्या आदेशाची.

त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी आणखी एक आदेश झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. दुसरी, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुटीतही आहार चालू ठेवावा. २०१६ च्या दुष्काळात स्वराज अभियानाच्या याचिकेवर न्यायालयाने हेच पुन्हा बजावले आणि आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडे किंवा दूध किंवा तसाच पौष्टिक पदार्थ द्या असेही सांगितले.

म्हणजे सुटीतले जेवण मिळते ते दुष्काळ जाहीर झाला तरच. आणि न झाला तर? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे पाचवे कलम वाचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत रोज एक वेळचे मोफत जेवण, "शाळेच्या सुट्या वगळून". ही मेख कायद्यातच मारलेली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, इतका बारीक हिशोब करणाऱ्या शासनाला दीड महिना या मुलांचे पोट कसे चालते हे विचारायला नको का? पोटाला दीर्घ सुटी मंजूर करणारा कोणता नियम आहे?

कोणी म्हणेल, रेशन मिळते ना? मिळते. माणशी महिन्याला ५ किलो, तेही जानेवारी २०२३ पासून मोफत. ५ किलोला ३० ने भागा. दिवसाला १६६ ग्रॅम. शासनाच्याच मापाने लहान मुलाच्या एका शाळेच्या जेवणाला १०० ग्रॅम धान्य लागते आणि मोठ्याला १५०. म्हणजे रेशनच्या धान्यात दिवसाला धड दीड जेवण. डाळ, तेल, भाजी वेगळीच. शाळा चालू असते तेव्हा मुलाचे दुपारचे जेवण शाळा देते म्हणून घरचे धान्य महिनाभर पुरते. मे महिन्यात ते पुरत नाही. याला अर्थशास्त्र लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरे.

एकदा मात्र शासनाने दुष्काळ नसताना सुटीतला आहार दिला होता, करोनाच्या काळात. २०२० च्या उन्हाळ्यात केंद्राने सुटीचे धान्य द्यायला परवानगी दिली. २०२१ च्या उन्हाळी सुटीचे ३५ दिवस धरून आपल्या राज्यात पैसे बँकेत जमा करायचे ठरले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये, सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये. त्यासाठी मुलाच्या नावाने बँकेत खाते उघडा! आमच्या वस्तीतल्या एका भगिनीने मला विचारले होते, "भाऊ, दीडशे रुपयांसाठी मी किती दिवसांची मजुरी बुडवू?" १५६ भागिले ३५ म्हणजे दिवसाला साडेचार रुपये. हे झाले कायद्याचे.

आता हा प्रश्न फक्त आपल्याकडे आहे असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही शाळांना सुटी लागली की गरिबांची मुले उपाशी राहतात. तिथे १९६८ पासून उन्हाळ्यात मुलांना मोफत जेवण देण्याची सरकारी योजना आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना. तिचीही नेमकी हीच अडचण होती. मुलाने ठरलेल्या जागी येऊन, तिथेच बसून खाल्ले पाहिजे. खेड्यापाड्यातल्या मुलांना ती जागा लांब पडायची. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ च्या उन्हाळ्यापासून ग्रामीण भागात जेवण घरी न्यायला किंवा घरपोच द्यायला मोकळीक मिळाली. गरिबांसाठी सरकारी मदतीने बांधलेल्या ग्रामीण घरांच्या वसाहती आहेत, तिथल्या सभागृहातही उन्हाळी जेवणाची केंद्रे चालतात. म्हणजे मुलाला जेवणाकडे न्यायचे नाही, जेवणाने मुलाकडे यायचे.

आणि आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरचे छायाचित्र म्हटले की आपल्याला काळी टोपी आणि हातातली बंदूक आठवते. पण जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड शहरातल्या एका चर्चमध्ये त्यांनी काय सुरू केले? शाळेत जाणाऱ्या काळ्या मुलांसाठी मोफत नाश्ता. तरुण कार्यकर्ते पहाटे उठून अंडी उकडीत. आपण घोषणा घेतल्या. अंडी उकडायचे राहून गेले.

नाही, हेही पूर्ण खरे नाही. आपल्याकडे हे होते आणि आधीपासून होते. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पोटात भाकरी नसेल तर पाटी-पुस्तकाचा उपयोग नाही, हे तेव्हाच ओळखलेले होते. आणि १९५० साली आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय निघाले तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले कशाच्या आधारावर टिकली, ते त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. वसतिगृहाच्या ताटावर.

असो. २०२५ च्या उन्हाळ्याकडे येतो. त्या वर्षी दुष्काळ जाहीर नव्हता. म्हणजे सुटीत आहार नाही. आम्ही त्या वस्तीतल्या लोकांशी मार्चमध्येच बोललो. दर वर्षी १४ एप्रिलला वर्गणी जमते, डीजे लागतो, मिरवणूक निघते. या वर्षी डीजे थोडा कमी करून उरलेल्या पैशात सुटीभर पोरांना एक वेळ जेवण द्यायचे, असा विचार मांडला. तरुण मुले कुरकुरली. "वर्षातून एकदाच तर असतो!" शेवटी डीजे एकाच दिवसाचा ठरला. ते भांडण इथे सविस्तर लिहीत नाही, प्रत्येक वस्तीत ते झालेलेच असते.

खरी अडचण वेगळीच निघाली. विहारात बैठक बसली होती. वस्तीतले सर्वांत वडील, ऐंशीच्या पुढचे आजोबा, भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी हात वर केला.

"पोरं ताटं घेऊन रांगेत उभी करणार का?"

मी म्हटले, "हो आजोबा, शिस्तीत."

"मग मला जमत नाही," ते म्हणाले. "माझा बाप येसकर होता. संध्याकाळी काठी आपटीत दारोदार जायचा. मी मागं टोपलं घेऊन. वरून भाकर टाकायचे. कधी शिळी, कधी आंबलेली. ती काठी आम्ही टाकली. आता तुम्ही ती पुन्हा पोराच्या हातात देता काय?"

बैठकीत कोणी बोलेना. काय बोलणार? १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे खाऊ नका असे सांगितले, ते आपण भाषणात वाचतो. या माणसाच्या अंगावरून ते गेलेले होते. मला हक्क, योजना, उष्मांक सगळे पाठ होते. त्यांना दिसत होते ते पोराच्या हातातले रिकामे ताट.

त्यांच्या शेजारीच बसलेल्या एका भगिनीने, ज्या गावच्या शाळेत आहार शिजवतात, त्यांनी तोड काढली. "बाबा, वाटप नको. पंगत बसवू. ताट ज्याचं त्याच्या घरचं. दाणा बी ज्याचा त्याच्या घरचा. रोज एक घर एक मूठ तांदूळ जास्तीचा देईल. मग ती पोरं मागत नाहीत, आपल्याच घरचं खातात." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फोटो काढायचा नाही."

ते मान्य केले. फोटो नाही, देणगीदाराच्या नावाचा फलक नाही, पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन नाही. एका उमेदवार गृहस्थांनी फलक लावायच्या अटीवर तेलाचे डबे देऊ केले होते. ते परत पाठवले. (डबे परत पाठवताना माझ्या मनाची थोडी घालमेल झाली. हिशोब माझ्याकडे होता.)

५ मे ते १४ जून, आठवडी बाजाराचे गुरुवार सोडून ३५ दिवस चूल पेटली. बाजाराच्या दिवशी आया घरी असतात. स्वयंपाक त्याच शाळेतल्या भगिनीने केला. शाळेतल्या स्वयंपाकी-मदतनीसांना केंद्राच्या नियमाने वर्षातून दहाच महिने मानधन मिळते. मुलांची चूल विझते तशी यांचीही. आम्ही त्यांना रोजचे १२० रुपये दिले. कमी आहेत, हे माहीत आहे. त्यांनाही सांगितले. त्या म्हणाल्या, "बसून राहण्यापेक्षा बरं."

ऊन चढायच्या आत, साडेदहाला पंगत. जेवण साधेच. एक दिवस मसूर डाळीची खिचडी, एक दिवस मोडाच्या मटकीची उसळ-भात, एक दिवस वरण आणि ज्वारीची भाकरी. खिचडीत शेंगदाणे भरपूर, कारण मुलांना डाळीपेक्षा ते दिसतात. शनिवारी उकडलेले अंडे. शाळेत नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी बंद केला. मुलांच्या ते लक्षात होते. पहिल्या शनिवारी एका मुलाने विचारले, "हे पण बंद होणार का?" १२ मेला बुद्धपौर्णिमा होती, त्या दिवशी तांदळाची खीर केली. मे महिन्याच्या शेवटी अवकाळी पाऊस इतका कोसळला की चूल विहाराच्या व्हरांड्यातून आत घ्यावी लागली आणि दोन दिवस धुराने सगळ्यांचे डोळे लाल.

वस्तीत आपली घरे जास्त. मातंग समाजाची आठ, भिल्लांची पाच, मुसलमानांची दोन. विहारात जेवण म्हणजे आपल्याच मुलांना, असा काहींचा समज होता. पहिल्या दिवशी भिल्लांची मुले कुंपणापाशी उभी राहून पाहत होती. शाळेतल्या त्या भगिनीनेच पळी हातात घेऊन हाक मारली, "ताटं आणा रे पळत!" विषय संपला. उलट गावठाणातून तीन मुले दोन दिवस आली आणि तिसऱ्या दिवसापासून आली नाहीत. शिजवणारी कोण, हे त्यांच्या घरी कळले असावे. ही मुले शाळेत तिच्याच हातचे वर्षभर खातात. शाळेत चालते, विहारात चालत नाही. त्यावर ती भगिनी काही बोलली नाही. पळी जरा जोरात आपटली इतकेच.

आता हिशोब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशोब दिल्याशिवाय मला झोप येत नाही. ३५ दिवसांत ९३१ ताटे झाली, म्हणजे रोजची सव्वीस-सत्तावीस मुले. खर्च १५,३६२ रुपये. त्यात स्वयंपाकाचे मानधन ४,२०० रुपये आणि बाकीचे डाळ-कडधान्य, तेल, शेंगदाणे, भाजी, अंडी, गूळ, गॅस. तांदूळ घराघरांतून आला तो यात धरलेला नाही. एका ताटाला साडेसोळा रुपये पडले. वही विहारात ठेवली आहे. कोणीही पाहू शकतो. सांगायचे ते एवढेच की एका दिवसाच्या डीजेच्या पैशात हे बसते.

पण ही वर्गणीची चूल कायमची नव्हे, हेही स्पष्ट लिहितो. वर्गणी एका वर्षी जमते, दुसऱ्या वर्षी फाटाफूट होते. शिवाय जे काम शासनाचे आहे ते आपण आपल्या पोटाला चिमटा काढून करीत राहिलो तर शासन सुटले! म्हणून वस्तीतल्या लोकांनी ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचे ठरवले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ती दर वर्षी कुठे जाते? बहुतेक ठिकाणी दिवे, खुर्च्या, सतरंज्या. त्यातून दीड महिन्याची डाळ आणि तेल का येऊ नये? आणि १ मे, म्हणजे मुलांच्या निकालाचा दिवस, तोच ग्रामसभेचाही ठरलेला दिवस असतो. ज्या दिवशी शाळेतली चूल विझते त्याच दिवशी ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. माता-भगिनींनी त्या दिवशी एक मजुरी बुडवून जायला हवे. महिलांची सभा आदल्या दिवशी असेल तर तिथे आधी ठराव घ्यावा.

अर्जात आम्ही दोन मागण्या लिहिल्या. पहिली, दुष्काळ जाहीर असो वा नसो, घरकुल वस्तीतल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सुटीत एक वेळचे जेवण मिळावे, असा ठराव करून तो वर पाठवावा. दुष्काळाची अट कशी फोल आहे ते सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या मराठवाड्याने पाहिले. अतिवृष्टीने पिके आणि माती वाहून गेली, मजुरी गेली. पोराच्या पोटाला काय, पाण्यावाचून पीक गेले काय आणि पाण्याने गेले काय! दुसरी मागणी, जेवण वस्तीत यावे. अंगणवाडी वस्तीत आहे, चूल आहे, शिजवणारी बाई आहे. सहा वर्षांखालच्या मुलाचे जेवण तिथे शिजतेच. त्याच्या बहिणीसाठी आणखी मूठभर डाळ टाकायची आहे. दोन वेगळ्या खात्यांचे दोन वेगळे हिशोब आहेत, असे मला एका अधिकाऱ्याने समजावून सांगितले. मीही कारकूनच आहे. दोन खात्यांचा एक जमाखर्च कसा लिहायचा ते मी त्यांना लिहून देईन म्हटले.

ती मुलगी आता सहावीत आहे. २०२५ च्या सुटीत ती रोज पंगतीला यायची, पण बसायची शेवटी. आधी वाढायला मदत करायची. पहिल्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ अंगणवाडीतून जेवून सवयीने मुठीत उसळ घेऊन पळत आला. तिने त्याला आपल्या ताटाशेजारी बसवले आणि मूठ उघडायला लावून ती उसळ त्यालाच खाऊ घातली.

अर्जाला सरपंच "पाहू" म्हणाले आहेत. ग्रामसेवकाने पोच द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा आजोबा स्वतः काठी टेकत पंचायतीत जाऊन बाकावर बसले आणि पोच मिळेपर्यंत उठले नाहीत. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का पडला आहे. तो कागद विहाराच्या कपाटात त्या हिशोबाच्या वहीत ठेवला आहे. १ मेच्या ग्रामसभेला तो बरोबर न्यायचा आहे.